आधी मार्क उघड

बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सलग वाचायचं ठरवलंयस, पण तिसऱ्या, लेवीयपर्यंत पोचताना दम संपेल. माझा संपला होता. त्यापेक्षा मार्ककृत शुभवर्तमान घे, अध्याय फक्त 16. चौथ्याच्या शेवटी गालील समुद्रावरचं वादळ आहे. तारवात पाणी शिरतंय आणि येशू मागे उशीवर डोकं टेकून झोपलाय! पावसाळ्यात आपल्या गोव्यातल्या मांडवी नदीच्या फेरीबोटीत बसून हे वाच, म्हणजे कळेल. शिष्यही काही शांत नव्हते. आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही, असं विचारत होते. भरवसा तिथूनही सुरू होतो.

झोप येईना तर बायबलातलं स्तोत्र 13 मोठ्याने म्हण, दावीद राजाच्या नावावरचं. सहाच वचनं. ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो आणि शेवटी दावीद गातो. मधे परिस्थिती बदलल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, तिथे थांब. आठवडाभर तेच वाच. (डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नकोस.)

मराठीत प्रार्थना करताना अवघडतोस म्हणालास. अरे, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स या धर्मगुरूंनी 1616 साली इथेच, गोव्यात रायतूरला, ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत छापली! रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर भेट.