स्टार सोड, बाकावर कोण बसलंय ते बघ

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, नव्याने बघायला लागला आहेस, तर नुसत्या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) नावावरून संघाचं भाकीत करू नकोस. २०२३ मध्ये जेट्स संघाने गाजावाजा करून क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला आणलं आणि पहिल्याच सामन्यात, चौथ्या स्नॅपला (म्हणजे चौथ्याच चालीला), त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. मोसम ७-१० वर (सात विजय, दहा पराभव) आटपला. उलट २०१७ चा ईगल्स संघ बघ. डिसेंबरात क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झचा गुडघा गेला, तरी बाकावरच्या निक फोल्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीतला, म्हणजे लाइनमधला, डावा टॅकल जेसन पीटर्स तर त्याआधीच जायबंदी झाला होता, पण ते फारसं कुणाला आठवत नाही. लाइनमधल्या दुखापतीचा मथळा होत नाही, पण क्वार्टरबॅकची सगळी मदार तिच्यावरच असते.

खरी गंमत संघातल्या ५३ जागांच्या हिशोबात आहे. जखमी खेळाडूला 'इंजर्ड रिझर्व्ह'वर (जखमींच्या राखीव यादीत) टाकलं की जागा मोकळी होते, पण मग तो किमान चार सामने बाहेर. दुखणं दोन-तीन आठवड्यांचं असलं की प्रशिक्षकाची पंचाईत: जागा अडवून ठेवायची की महिनाभर त्याच्यावर पाणी सोडायचं? साखळी सामन्यांत अशा आठच जणांना परत आणता येतं, म्हणून सुरुवातीलाच उधळपट्टी केलेले संघ डिसेंबरात अडकतात. तात्पुरती उणीव प्रॅक्टिस स्क्वॉडमधून (५३ बाहेरच्या, संघासोबत सराव करणाऱ्या खेळाडूंमधून) भरतात. पण एका खेळाडूला असं सामन्यासाठी तीनदाच वर घेता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये घ्या.

सामन्याआधीच्या दुखापतींच्या यादीत कुणापुढे 'क्वेश्चनेबल' (खेळेल की नाही अनिश्चित) दिसलं म्हणून घाबरू नकोस, त्यातले बरेच खेळतात. 'डाउटफुल' (खेळण्याची शक्यता कमी) असेल तर नाहीच असं धर. रविवारचा सामना असेल तर मी शुक्रवारच्या सरावाला कोण उतरलं तेवढंच बघतो.