फुल कोर्ट प्रेस लागला की माझ्या हातून बॉल जातो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड आहात (म्हणजे बॉल पुढे आणायचं काम तुमचं), एरवी हात चांगला चालतो, पण समोरच्या टीमने फुल कोर्ट प्रेस लावला (म्हणजे अख्ख्या मैदानभर अंगावर येऊन अडवायला लागली) की दोन-तीन मिनिटांत चार-पाच बॉल जातात. म्हणून आता रोज अर्धा तास जादा ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) करताय आणि तरी फरक पडत नाही.

नाही पडणार. मीही दोन वर्षं हेच केलं. दोन हातांत दोन बॉल, डोळे मिटून ड्रिबल, एका हाताने टेनिस बॉल झेलत दुसऱ्या हाताने ड्रिबल, सगळं झालं. हात सुधारला, बॉल जायचा तो जातच राहिला. कारण प्रेसमध्ये बॉल ड्रिबल करताना जातो असं वाटतं, पण चूक त्याआधीच झालेली असते. बॉल कुठे घेतला आणि घेतल्यावर पहिल्या सेकंदाला काय केलं, तिथे.

मला हे कळलं ते एका आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये. शेवटची चार मिनिटं, आम्ही ११ ने पुढे. समोरच्यांनी टाइमआउट घेतला आणि परत आल्या त्या थेट अंगावरच. मी थ्रो-इन (रेघेबाहेरून आत टाकलेला बॉल) घ्यायचे, उजवीकडे वळायचे (माझा हात उजवा), आणि कोपऱ्यात दुसरी पोरगी येऊन उभीच असायची. एकदा ट्रॅव्हल (ड्रिबल न करताच पावलं टाकली), एकदा लाइनवर पाय, एकदा तर घाबरून टाकलेला पास सरळ त्यांच्या कॅप्टनच्या हातात. बाकावरून एकच आरडाओरडा, "बॉल पुढे आण, बॉल पुढे आण!" आणायचा कसा, ते कोणी सांगेना. तीन पॉइंटने हरलो.

बाबा मॅच बघायला आले होते. त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. स्कूटरवर मागे बसून मी रडत होते. सिग्नलला थांबल्यावर ते मागे न बघताच म्हणाले, "त्या दोघी दर वेळी तुला कोपऱ्यात घेत होत्या. पण तू आपणहून का जात होतीस?"

मला राग आला. तीन-चार दिवसांनी पटलं. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातल्या खेळाडूला पाठ दाखवत नाही आणि नजर सगळ्या साखळीवर ठेवतो. मी नेमकं उलटं करत होते. बॉल मिळाला की मान खाली, पाठ मैदानाकडे, आणि धूम कोपऱ्याकडे.

आता कामाचं बोलू. आधी घड्याळ, कारण घाईचं मूळ तिथे आहे. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांत (आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमांनी होतात) बॉल हाफच्या, म्हणजे मधल्या रेघेच्या, पुढे न्यायला ८ सेकंद मिळतात. कोर्ट २८ मीटर लांब, म्हणजे अर्धं १४ मीटर. ८ सेकंदांत १४ मीटर हा झपझप चालण्याचा वेग झाला, पळायचीही गरज नाही. त्यात बॉल तुम्ही आपल्या बास्केटसमोरच्या फ्री थ्रो लाइनच्या आसपास घेतलात तर उरले ८ मीटर आणि थोडे सेंटीमीटर. शिवाय थ्रो-इनचे ५ सेकंद वेगळे असतात, हे ८ सेकंद बॉल आत कोणाला तरी लागल्यावर सुरू होतात. म्हणजे बॉल हातात आल्यावर एक-दीड सेकंद नुसतं उभं राहून बघायला तुमच्याकडे वेळ आहे. प्रेस लावणाऱ्यांचा सगळा धंदा तुम्हाला हा वेळ नाही असं वाटायला लावण्यावर चालतो. अंदाज हवा असेल तर शॉट क्लॉककडे (शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ) बघा: २४ पासून मोजणी सुरू झाली असेल तर १८ दिसेपर्यंत बॉल हाफच्या पलीकडे असावा, १६ म्हणजे खेळ संपल्यात जमा. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. डिफेंडरने बॉल बाहेर घालवला आणि थ्रो-इन तुमच्याच अर्ध्यात मिळाला, तर ८ सेकंद नव्याने मिळत नाहीत, उरलेलेच पुढे चालतात.

मग बॉल घ्यायचा कुठे? कोपऱ्यात नाही, एवढं कागदावर लिहून किटबॅगमध्ये ठेवा. कोपऱ्यात बेसलाइन (बास्केटमागची रेघ) आणि साइडलाइन हे दोन फुकटचे डिफेंडर उभे असतात, त्यात खरे दोन आले की चार झाले. फ्री थ्रो लाइनच्या टोकाशी, शक्य तेवढं मधल्या पट्ट्यात घ्या. त्यासाठी आधी डिफेंडरला बेसलाइनकडे ओढत न्या, दोन पावलं खरीखुरी पळा आणि मग झटक्यात उलटे फिरून बॉलकडे या. पास येत असताना उभं राहून वाट बघायची नाही, बॉलच्या दिशेने जायचं. मुलींच्या प्रॅक्टिसमध्ये मी रोज बघते, दहातले सहा बॉल इथेच जातात. पास चांगला असतो, घेणारी जागेवर उभी असते, मागून हात येतो.

थ्रो-इन टाकणाराही ठरलेला हवा. बास्केट झाल्याबरोबर जाळीतून बॉल उचलून लगेच आत टाकला, तर अर्ध्या वेळेला प्रेस बसायच्या आतच तुम्ही निघून जाता. त्याने बोर्डाच्या बरोबर मागे उभं राहायचं नाही, लांब पास बोर्डाला थडकतो. बास्केटनंतर बेसलाइनमागे त्याला इकडेतिकडे पळायची मुभा असते, ती आपल्याकडे कोणी वापरतच नाही. या एका पासवर मॅच फिरते. ७ मे १९९५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इंडियानाच्या रेजी मिलरने थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारला, लगेच न्यूयॉर्कच्या टीमचा, निक्सचा, थ्रो-इन चोरला, मागे सरकून दुसरा थ्री मारला, आणि हरलेली मॅच इंडियानाने १०७-१०५ ने घेतली. तो चोरलेला थ्रो-इन एकदा शोधून बघा, आमची मॅच तशीच गेली असं मी मनाला समजावते.

बॉल हातात आला. आता बॉल जमिनीवर टाकायचा नाही. पायावर फिरा, छाती समोरच्या बास्केटकडे करा, बॉल हनुवटीखाली, कोपर बाहेर. आणि बघा. हा एक सेकंद सगळ्यात अवघड. सुरुवातीला मी तोंडाने "एक" म्हणायचे आणि मगच ड्रिबल करायचे. समोरची गोंधळायची, ती निघण्याच्या तयारीत असायची आणि मी निघालेलीच नसायचे.

बघायचं काय, तर प्रेस माणूस-माणूस आहे (प्रत्येक डिफेंडरला एकेक खेळाडू वाटून दिलेला) की झोन (प्रत्येकाला जागा वाटून दिलेली). तुमचा एखादा जोडीदार मैदान आडवं कापून पळाला आणि त्याचा डिफेंडर त्याच्या मागे गेला, तर माणूस-माणूस. नाही गेला, जागेवर थांबून नुसतं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तर झोन. याचं उत्तर बदललं की तुमचं काम बदलतं, आणि तुमची टीम दोन्हीला एकच उत्तर देत असणार अशी माझी शंका आहे.

माणूस-माणूस असेल तर जोडीदारांना पुढे पाठवा. सगळेच. मदतीला तुमच्या जवळ आले की आपापला डिफेंडर सोबत घेऊन येतात, म्हणजे ट्रॅपला (दोघांनी मिळून एकाला घेरणं) माणूस आयता पुरवतात. मैदान मोकळं झालं की तुम्ही आणि तो, एकास एक. तुमचा अर्ध्या तासाचा सराव इथे कामाला येईल. शरीर बॉल आणि त्याच्यामध्ये ठेवा, सरळ त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून जा, आणि खांद्याच्या पलीकडे गेलात की लगेच त्याच्या वाटेत आडवे या, म्हणजे तो पाठीमागेच राहतो. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि एकाच डिफेंडरला तीन-तीन वेळा हरवत बसतात. आणि ते गोल फिरून निघणं, प्रेसमध्ये विसरा. पाठ वळते तेवढ्या वेळात दुसरा कुठून येतोय ते दिसत नाही, आणि तो त्याच क्षणाची वाट बघत असतो.

झोन असेल तर ड्रिबल हे तुमचं हत्यारच नाही. तिथे पास. तीन माणसं हवीत: एक तुमच्या मागे थोडा तिरका, एक पुढे साइडलाइनला, आणि एक मधोमध. मधला सगळ्यात महत्त्वाचा आणि तो बहुधा तुमचा उंच खेळाडू असावा. त्याला बॉल मिळाला की प्रेसचे पुढचे दोघं-तिघं पाठीमागे पडतात आणि समोर तीनास दोन उरतात. पण मधला माणूस आधीपासून तिथे उभा राहिला तर त्याला झाकून टाकतात. तुम्ही मान वर केलीत की त्याने यायचं, आधी नाही. ही वेळ जुळायला आम्हाला महिना लागला. आमच्या सेंटरची (तीच उंच खेळाडू) आणि माझी त्यावरून इतकी भांडणं झाली की आठवडाभर डबा वेगळा खाल्ला.

ट्रॅप पडतोच कधीतरी. दोघं येताना दिसले की पुढे घुसू नका, तोंड समोर ठेवूनच ड्रिबलने दोन पावलं मागे या. ते तुमच्याकडे ओढले जातात, एकमेकांपासून सुटतात आणि मागे कोणीतरी मोकळा होतो. पास ट्रॅप बंद व्हायच्या आत जायला हवा. उशीर झाला आणि ड्रिबल संपला, तर घाबरू नका: बॉल धरून उभं राहायला ५ सेकंद आहेत, पाय फिरवता येतो. वर दाखवा, खाली टाका. दोघांच्या मधून एक पाऊल लांब टाकून बाउन्स पास, किंवा मागच्याला साधा परत पास. दोघांच्या डोक्यावरून उंच झेलपास मात्र टाकू नका.

याला एक सुंदर दाखला आहे. प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या टीमने १९६४ मध्ये एकही मॅच न हरता, ३०-०, अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेचं आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही नव्हता, उंची नाही म्हणून त्यांनी २-२-१ झोन प्रेस (पुढे दोघं, मध्ये दोघं, मागे एक) लावला. अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाविरुद्ध अडीच-एक मिनिटांत ओळीने १६ पॉइंट केले आणि ९८-८३ ने जिंकले. प्रेसच्या सगळ्यात मागे उभा असायचा कीथ एरिकसन. तो त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळला, पण व्हॉलीबॉल! ट्रॅपमधून सुटायला तुम्ही जो उंच झेलपास टाकता, त्याच्या टोकाला असा माणूस ठेवलेला असतो. आणि वूडन यांच्या प्रेसचा मुख्य उद्देश चोरी नव्हताच, समोरच्याला आपल्या वेगाने खेळायला लावणं हा होता. सुखरूप हाफ पार करूनही तुम्ही धापा टाकत, पहिला दिसेल तो शॉट मारत असाल, तर प्रेसने आपलं काम केलंय.

हाफ लाइनबद्दल दोन शब्द. ती ओलांडल्यावर लगेचच्या दोन्ही कोपऱ्यांत जाऊन थांबू नका. मागे परतायला बंदी, बाजूला साइडलाइन, म्हणजे पुन्हा तोच बेसलाइनचा कोपरा. हुशार टीम मागे काहीच करत नाही आणि नेमकी इथे झडप घालते. ओलांडायची तर मधून आणि वेगात.

सरावासाठी आम्ही एक करतो. कोर्ट उभं तीन पट्ट्यांत वाटून खडूने रेघा मारायच्या, मैदान मातीचं असेल तर फक्की. बाजूच्या पट्ट्यात बॉल दोन सेकंदांपेक्षा जास्त राहिला की शिट्टी, बॉल गेला. आणि पाचांविरुद्ध सात डिफेंडर. पहिल्या दिवशी कोणीच हाफ पार करत नाही, पोरी वैतागतात, एकीने तर बॉल रागाने कुंपणापलीकडच्या नाल्यात मारला होता. तिसऱ्या आठवड्यात सातांविरुद्ध जमायला लागतं आणि मग मॅचमधले पाच अगदी मोकळे मोकळे वाटतात. तुमचा तो अर्धा तास यात घाला. एकट्याने करण्यासारखं यात काही नाही, त्यामुळे चौघांना चहा पाजून थांबवावं लागेल.

आणि शेवटची दोन मिनिटं. चौथ्या क्वार्टरची २ मिनिटं किंवा कमी उरली असताना समोरच्याने बास्केट केली आणि तुमच्या टीमने टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन आपल्या बेसलाइनऐवजी पुढच्या अर्ध्यातून घेता येतो. शॉट क्लॉक १४ चा मिळतो, पण प्रेसच उरत नाही. ११ ने पुढे होतो तेव्हा आम्ही सगळे टाइमआउट तिसऱ्या क्वार्टरला कोणावर तरी ओरडण्यात संपवले होते. तुमच्या सरांना नियम माहीत असेलच, पण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष पंचांशी वाद घालण्यात असतं. त्यांचा हात धरून आठवण करून देणं तुमच्याकडे.