‘बनवणारी कंपनी’च्या रकान्यात काय लिहायचं?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल काल रात्री वाचला. आधी हसू आलं, मग रागही आला. हसू अशासाठी, की तू घरी किटमधून जोडलेल्या गाडीचं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढची दीड पानं तिच्या तपासणीच्या आणि नोंदणीच्या फॉर्मांच्या नावानं रडलीस. आणि राग आला तो ‘डोनर गाडीचं लॉगबुक कुठेतरी असेल’ या वाक्याचा. हे पत्र इथेच ठेव, आधी ते लॉगबुक, म्हणजे ज्या जुन्या गाडीचे भाग तू घेतलेस तिचं नोंदणीचं चोपडं, शोध. सापडलं की प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि घरात ठेव, गॅरेजमध्ये नको. मग पुढचं वाच.

माझी एक जुनी फजिती तुला कधी सांगितली नाही. १९९१ साली भोसरीत एका शेडमध्ये मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून एक बग्गी केली होती. पाइपची फ्रेम आम्हीच वेल्ड केलेली, इंजिन भंगारातून आणलेलं फियाटचं, सीटा एस्टीतल्या असाव्यात असा मला आजही संशय आहे. गाडी पळायची झकास. ती घेऊन, म्हणजे तिचे फोटो घेऊन, आम्ही आरटीओत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म उलटा सुलटा केला.

“कंपनी कोणती?”

“आम्हीच.”

“अहो, कंपनीचं नाव सांगा.”

“साहेब, आम्ही दोघांनी केलीय.”

त्यांनी चष्मा काढला, माझ्या मित्राच्या काळ्या नखांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “मग फॉर्म बावीस कोण देणार?”

फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असा तिच्या उत्पादकाचा दाखला. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज, २१ हा विक्रीचा दाखला, आणि हा २२. यातला अर्ज तेवढा माणूस स्वतः भरू शकतो, बाकीचे दोन कंपनी आणि डीलर यांच्याकडून येतात. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम म्हणतो, की गाडीचा नमुना एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्या. ही एआरएआय आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. कोथरूडच्या बाजूनं वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे लोक आजही त्या भागाला एआरएआयची टेकडीच म्हणतात. रोज सकाळी डोळ्यांसमोर दिसायची. पण तिथला खर्च आणि पसारा हजारो गाड्या काढणाऱ्याला परवडणारा, एक गाडी करणाऱ्या दोन पोरांचं तिथे काम नव्हतं. आमची बग्गी पुढे मित्राच्या काकांच्या पोल्ट्रीवर खाद्याची पोती ओढत राहिली, कुंपणाच्या आत.

मी त्या खिडकीतल्या माणसाला पुढची दहा वर्षं शिव्या दिल्या. आता देत नाही. तो चूक नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदावर आमच्यासाठी रकानाच नव्हता, आणि नसलेला रकाना त्यानं कुठून आणावा? २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच) एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातून छोटी चारचाकी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या यंत्रणा तिला अडवेल हेही स्पष्ट लिहिलं. ती गाडी घेऊन बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारीत दिलीही. तीस वर्षं मध्ये गेली तरी त्या फॉर्मावर तोच रकाना रिकामा.

तू जिथे बसून रडते आहेस आणि मीही आता जिथे राहतो त्या इंग्लंडात हा रकाना आहे. ही गोष्ट आधी नीट समजून घे, मग रड.

तो कसा आला याची गंमत आहे. तू बांधते आहेस त्या जातीच्या उघड्या, हलक्या गाडीची आजी म्हणजे १९५७ ची लोटस सेव्हन. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही. म्हणून लोक किट घ्यायचे आणि घरामागे गाडी जोडायचे. जोडणीच्या सूचना दिल्या तर ती तयार गाडी धरली जाईल, म्हणून ‘खोलायच्या’ सूचना देत आणि गिऱ्हाइकानं त्या उलट्या वाचायच्या, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, खरी असो वा नसो. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण तोवर घरी गाडी करणारी जमात इथे मुरली होती आणि सरकारला तिची सवय झाली होती. आधी एसव्हीए नावाची एकेका गाडीची तपासणी आली, २००९ पासून तिची जागा आयव्हीएनं घेतली. तुझ्या फॉर्मावर ‘अमॅच्युअर बिल्ट’ असा शब्द छापलेला आहे. तो वाचून तुला पोटात गोळा आला, मला मात्र पहिल्यांदा दिसला तेव्हा डोळे भरून आले होते.

आता कामाचं.

तुला दोन दरवाजे आहेत आणि तू त्यांची सरमिसळ केली आहेस. डीव्हीएसए हे सरकारी खातं गाडी तपासतं. डीव्हीएलए हे नोंदणीचं खातं कागद तपासतं, ते वेल्समधल्या स्वान्सीला बसतं आणि तुझी गाडी बहुधा कधीच बघणार नाही. पहिल्यांना पाना-पक्कड कळते, दुसऱ्यांना फक्त पाकीट दिसतं. पहिल्यांना द्यायची उत्तरं दुसऱ्यांना देऊ नकोस.

पाकिटाचं आधी सांगतो, कारण आधी लगीन कोंढाण्याचं. गाडी झाल्यावर फाइल करू असं जो म्हणतो त्याची फाइल कधीच होत नाही. मीच म्हणालो होतो. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स मी एका माणसाकडून रोख पैसे देऊन, चिठ्ठी न घेता आणला. गाडी पास झाली, आणि गिअरबॉक्स कुठून आला या एका प्रश्नावर चार महिने घरात उभी राहिली. चूक माझी होती, पण त्या चार महिन्यांत मी ती स्वान्सीवर ढकलत राहिलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं बायकोला ऐकवायचो. ती म्हणायची, पावती मागायला तुला किती सेकंद लागले असते?

तेव्हा प्रत्येक पावती घे. ब्रेकचा पाइप असो की चार डझन रिव्हेट. आणि आज संध्याकाळीच बस आणि सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स काढ. दुकानातल्या त्या चकचकीत कागदाच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्याफटक होतात. माझ्याकडे अशा अकरा कोऱ्या पावत्या आहेत, कशाच्या ते ब्रह्मदेवाला ठाऊक. फोटोही काढ, पण नुसत्या चेसिसचे नकोत, तू त्यात दिसली पाहिजेस. गाडी तू स्वतः केलीस याचा तोच पुरावा. केस विस्कटलेले, हातात ग्राइंडर, चालेल. तू आत्तापर्यंत पाठवलेल्या चाळीस फोटोंत तू फक्त एकात आहेस, आणि त्यात पाठमोरी.

लॉगबुकाचा मी एवढा घोष का लावलाय तेही सांगतो. तुझी चेसिस नवीन, किटवाल्याची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल एकाच जुन्या माझदा एमएक्स-फाइव्हचे, तीच तुझी डोनर. एका डोनरचे निदान दोन मोठे भाग आले आहेत हे कागदानं दाखवता आलं, तर त्या डोनरच्या वयाचा नोंदणी नंबर मिळायची वाट आहे. दाखवता आलं नाही तर क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर. आणि धुराची तपासणी इंजिनाच्या वयाच्या निकषानं होते. वयच सिद्ध झालं नाही तर तुझं जुनं इंजिन नव्या गाडीच्या मापानं मोजतील. मग कितीही ट्यूनिंग कर, ते पास व्हायचं नाही. एक चोपडं हरवल्याची किंमत एवढी आहे.

क्यू नंबरप्लेटची तू फारच धास्ती घेतली आहेस. १९८३ पासून आहे ती, ओळख किंवा वय ठरवता येत नाही अशा गाड्यांसाठी. विकताना भाव पडतो, काही विमावाले नाक मुरडतात, एवढंच. माझ्या गाडीला क्यूच आहे. गिअरबॉक्सची कृपा. पण एक कर: क्यू टाळायला जुन्या भागाला नवा म्हणू नकोस. दुरुस्त केलेला असेल तर दुरुस्त केलेला लिही. खोटं लिहून एखाद्या वेळी नंबर मिळेलही, पण ती गाडी तू कधीच निवांत विकू शकणार नाहीस.

आता तपासणी. फी ४५० पौंडांच्या घरात आहे, म्हणून ‘जाऊन बघू काय म्हणतात’ असा प्रकार परवडत नाही. डीव्हीएसएचं तपासणीचं मॅन्युअल मोफत मिळतं, जाडजूड आहे आणि रुक्ष आहे. ते वाच. परीक्षेचा पेपर आदल्या वर्षी हातात देणारं दुसरं खातं मला आयुष्यात भेटलेलं नाही.

त्या दिवशी काय होतं ते सांगतो. माझा परीक्षक साठीचा होता, खिशात टॉर्च, बोलणं मोजकं. त्यानं पिशवीतून एक गोळा काढला, १०० मिलिमीटर व्यासाचा. तो गाडीच्या अंगावर जिथे जिथे टेकेल तिथली कड गोल हवी, २.५ मिलिमीटर त्रिज्येची. तो गोळा बॉनेटवरून, आरशाच्या दांडीवरून, सस्पेन्शनच्या हातांवरून असा फिरवत होता की देवघर पुसणाऱ्या बाईची आठवण यावी. पुढच्या दिव्याच्या ब्रॅकेटपाशी थांबला. बोट लावून बघितलं. लिहून घेतलं. माझ्या हिशेबी तो ब्रॅकेट म्हणजे वेल्डिंगचा दागिना होता, त्याच्या हिशेबी पादचाऱ्याची मांडी फाडणारी पट्टी. त्याचं बरोबर होतं. तेव्हा नटांवर प्लास्टिकच्या टोप्या बसव, पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लाव, आणि स्वतःचा गोळा करून घे. लाकडाचा चालतो.

मग त्यानं गाडी गोल फिरवली आणि स्टिअरिंग सोडून दिलं. चाकं आपोआप सरळ व्हायला हवीत. माझी झाली नाहीत. हलक्या गाड्यांना हा रोग असतोच, कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा मागे कललेला कोन, कमी पडतो. तू बुकिंग करायच्या आधी एखाद्या रिकाम्या खासगी आवारात हे करून बघ, तिथे अडकलीस तर बाकी सगळं चोख असून नापास होशील. स्पीडोमीटरही तपासून घे: खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवला तर चालतो, कमी कधीच नाही. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत. आणि चेसिस नंबर कोरलेला असू दे, वाचता येईल असा. पुण्यात आम्ही त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो. इथे घासत नाहीत, पण बघतात.

मी नापास झालो दोन मुद्द्यांवर, आणि वाद घालायला तोंड उघडलं. सुदैवानं बंद केलं. त्याला विचारलं, “मॅन्युअलातलं कलम कोणतं, तेवढं सांगाल का?” त्यानं पान काढून दाखवलं, आणि नंतर त्या ब्रॅकेटवर काय करता येईल तेही आपणहून सुचवलं. या वाक्यानं माझी इथली सगळी कामं झाली आहेत. ‘का’ विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. ‘कुठे लिहिलंय’ विचारलं की तोही तुझ्याबरोबर पान उलटायला लागतो. नापास झालं तर यादी लेखी मिळते, फक्त तेवढं दुरुस्त करून पुन्हा जायचं.

पास झालीस की दाखला मिळतो, तो स्वान्सीला जातो. सोबत नोंदणीचा फॉर्म. नव्या गाडीचा व्ही ५५/४ आणि वापरलेल्याचा व्ही ५५/५ हे वेगळे आहेत, तुझ्या जोडणीला कोणता लागतो ते आधी फोन करून विचार आणि कोण काय म्हणालं ते तारखेसह वहीत लिहून ठेव. व्ही ६२७/१ मध्ये कुठला भाग कुठून आला ते भरायचं. पहिल्या नोंदणीचे ५५ पौंड. वर एक पानाचं पत्र जोड: मी अशी, गाडी अशी, भाग इथून आले, सोबत अमुक कागद. पलीकडचा माणूस दिवसभरात किती पाकिटं फोडत असेल देव जाणे, त्याला तुझी गाडी दोन मिनिटांत समजली पाहिजे. प्रत्येक पानाची प्रत घरी ठेव आणि पोच मिळेल असंच पाठव.

उत्पादकाच्या रकान्यात किटवाल्याचं नाव येतं का तुझं, हा तुझा शेवटचा प्रश्न. चेसिस त्यांची आहे, तेव्हा मेक म्हणून त्यांचंच लिही. पण ‘गाडी कोणी जोडली’ असं जिथे विचारलंय तिथे तुझं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट, मोठ्या अक्षरात.

शनिवारी दहापर्यंत येतो. ट्रेलर माझा घेऊन येईन, तपासणीला गाडी चालवत न्यायचा विचार सोड. गोळाही आणतो. लॉगबुक सापडलं नसेल तर तसं आजच कळव, आणि काकूंनी चकल्या पाठवल्या आहेत त्या गॅरेजात खायच्या नाहीत, हात धुऊन.

तुझा,
काका