जुना आयफोन: विकू की वापरू?

प्रश्न: आयफोन १५ आहे माझ्याकडे, २०२३ ला आला तेव्हाच ७९,९०० ला घेतलेला. दाजी म्हणतायत आत्ताच काढून टाक नाहीतर नंतर कोणी विचारणार नाही, त्यांचा गॅलेक्सी एस२३ म्हणे दुकानदार फारच कमीत मागतोय. खरंच एवढा फरक असतो का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: फरक असतो, पण दाजी उगाच घाबरवतायत. अँड्रॉइडचे महागडे फोन लाँच झाल्यावर काही महिन्यांतच सेलमध्ये स्वस्त मिळायला लागतात, मग नवाच कमीत मिळतोय म्हटल्यावर जुन्याला कोण जास्त देणार, आणि एस२३ ला अँड्रॉइडची फक्त ४ नवी व्हर्जन देणार असं सॅमसंगने सांगितलेलं, एस२४ पासून मात्र ७ वर्षं, त्यामुळे पुढे हे अंतर कमी व्हावं असं मला वाटतं.

आयफोनचाही भाव पडतोच हां! सप्टेंबर २०२४ मध्ये १६ आला आणि तुमच्या १५ ची कंपनीचीच किंमत ६९,९०० झाली. म्हणून विकायचाच असेल तर ऑगस्टमध्येच विका, गणपतीपर्यंत थांबू नका.

बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली गेली की गिऱ्हाईक घासाघीस करतंच. बाहेरून स्क्रीन बदललीत तर तेही सेटिंगमध्ये दिसतं, लपत नाही. बिल आणि बॉक्स शोधून ठेवा (माळ्यावर असेल बघा), आणि देण्याआधी ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा, नाहीतर घेणाऱ्याला फोन चालूच करता येणार नाही.