कुंडीतल्या चहाच्या पानांपासून घरी काळा चहा कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की लातूरला गच्चीवर शेडनेटखाली चहाची काही झाडं लावलीत, कोवळी पानं खुडून उन्हात कडक वाळवली आणि उकळली, तर पाण्याला धड रंग आला नाही, वर गवताचा वास. शिवाय दुधाचा कडक चहा होईल असं काही जमेल का, हेही विचारलंय. मी परभणीचा, आणि हेच उद्योग करत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उन्हात तुमची पानं नुसती वाळली. काळा चहा होण्यासाठी पानाच्या पेशी आधी फुटाव्या लागतात. पेशीत कॅटेचिनं, म्हणजे पानातली तुरट द्रव्यं, एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या. पान चोळलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि चिरलेलं वांगं काळं पडतं तसं पान तांबूस होत जातं. त्यातून आधी थिअफ्लेविनं तयार होतात, चहाची चमक आणि जिभेला जाणवणारी तरतरी त्यांची. मग थिअरुबिजिनं, ज्यांच्यामुळे लालसर रंग आणि दाटपणा येतो.

खुडताना एक कळी आणि खालची दोन पानं, एवढंच घ्या. जून पान चोळताना फाटतं, वळत नाही.

आता खरा घोळ. व्हिडिओंमध्ये सांगतात, पानं रात्रभर पंख्याखाली पसरून कोमेजू द्या. ते आसामच्या दमट हवेत ठीक आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये तीन-चार तासांतच कडा कुरकुरीत होतात आणि देठ मात्र ओलाच राहतो. कोमेजणं म्हणजे फक्त पाणी उडणं नव्हे. त्या बारा-पंधरा तासांत पानातली प्रथिनं सुटून अमिनो आम्लं वाढतात, सुगंधी द्रव्यं तयार होतात, आणि या कामाला वेळ हा लागतोच. पान घाईनं सुकलं की चहाला रंग येईल, पण वास येणार नाही. म्हणून मराठवाड्यात चहा करायचा म्हणजे बहुतेक मेहनत हवा ओली ठेवण्याची.

माझा उपाय म्हणजे कूलर. कूलर चालू असलेल्या खोलीत, झोताच्या समोर नाही तर बाजूला, सुपात पानं पातळ पसरून रात्रभर ठेवा. मधून एकदा हलक्या हातानं वरखाली करा. ‘पान मऊ झालं की झालं’ या अंदाजावर जाऊ नका, वजनकाटा वापरा. ताज्या पानात साधारण 75 ते 78 टक्के पाणी असतं, म्हणजे 100 ग्रॅम पानाचे 60-65 ग्रॅम झाले की चोळायला तयार. देठ वाकवला तर मोडता कामा नये. सगळ्यात सोपे महिने ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हा पालवीही जोमदार असते आणि कूलरचीही गरज पडत नाही.

चोळायला स्टीलची परात घ्या. लोखंडाची कढई किंवा घमेलं नको, पानाच्या रसाशी लोखंडाचा संबंध आला की काळपट, शाईसारखा रंग येतो. पाटा-वरवंटा चालतो, पण चहा वास फार पटकन ओढून घेतो आणि आपल्या पाट्यात लसूण कायमचा मुक्कामाला असतो. तळहातानं दाबून एकाच दिशेनं गोल फिरवत अर्धा तास तरी मळा, मधेमधे गोळे सोडवा. हात चिकट झाले, रस दिसायला लागला, तर पेशी फुटल्या असं समजा.

पुढची पायरी म्हणजे ते पान दीड-दोन बोट जाडीच्या थरात ठेवणं. इथं 25 ते 30 अंश आणि भरपूर दमटपणा हवा. 35च्या वर गेलं की क्रिया भराभर पुढं सरकते, थिअफ्लेविनं टिकत नाहीत आणि चहा मंद, बेचव होतो. मातीच्या पसरट भांड्यात पान घालून ते माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवतो, वरून ओलं फडकं, पानाला न टेकणारं. दीड ते तीन तास लागतात. घड्याळापेक्षा नाक खरं: गवताचा वास जाऊन फळासारखा गोडसर वास आला की थांबवा. तो वास शिखरावर असतानाच भट्टीत गेलं पाहिजे, उतरायला लागल्यावर नाही.

थांबवायला उष्णता हवी. ओव्हनमध्ये 110 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पातळ थर, मग 80वर देठ कडकन मोडेपर्यंत. ऊन इथं उपयोगाचं नाही. उन्हात विकर हळूहळू मरतं आणि तोवर काम चालूच ठेवतं. 100 ग्रॅम पानाचा शेवटी जेमतेम पावपट चहा उरतो.

तुमची अडचण अशी येईल की कुंड्यांतून एका वेळी मूठ-दोन मूठच पान मिळेल, आणि एवढंसं पान हातात असतानाच सुकतं. त्यावर एक उपाय आहे: कोमेजलेलं पान डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. पाण्याचे बर्फकण पेशी फोडतात, बाहेर काढल्यावर पान भराभर काळं पडतं, मळायचे कष्ट कमी. रंग एकसारखा येतो, वास मात्र मळलेल्या पानाइतका नाही. दोन्ही करून पाहा, मला मळलेलंच आवडतं.

दुधाचं म्हणाल, तर अख्ख्या वळलेल्या पानांचा चहा दुधात हरवतो. आपली रोजची दाणेदार पावडर सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्राची. 1930च्या सुमारास आसामात अमगुरीच्या मळ्यात विल्यम मॅकरचर यांनी ते यंत्र आणलं. दातेरी रुळांतून पान चिरडून, फाडून, गोल वळतं. घरी त्याची नक्कल स्टीलच्या खिमा मशीनमधून होते. पान कमी कोमेजवायचं, 100चे 75-80 ग्रॅम, दोन-तीनदा फिरवायचं, आणि तांबूस व्हायला तासभर पुरतो. मिक्सर नको, तो तापतो आणि भुगा करतो. तुमची झाडं बारीक पानाच्या चिनी जातीची असतील तर मशीननंही आसामी ताकद येणार नाही, तो चहा कोराच प्या. बोअरच्या जड पाण्यात कोऱ्या चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो, तेव्हा आरओचं पाणी वापरा. झाडांनाही जमलं तर साठवलेलं पावसाचंच पाणी घाला. बोअरच्या पाण्यानं माती चुनखडी होते, पानं पिवळी पडतात, आणि मग खुडायलाच काही उरत नाही.