तळ्याकाठी घर, पण काच किती?

प्रश्न: अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी प्लॉट घेतलाय. ह्यांना अगदी पाण्याला लागून घर हवंय आणि तळ्याकडची अख्खी भिंत काचेची. जमेल का?

उत्तर: ताई, पाण्याला लागून विसराच. सेप्टिक टँकवालं घर असेल तर तळ्याच्या प्रकाराप्रमाणे ७५, १०० किंवा १५० फूट मागे सरावं लागतं, आणि ते बरंच आहे, कारण हिवाळ्यात बर्फ फुगून काठावर चढतो, दगडमातीसकट ढकलत आणतो. पाया तिकडच्या कोडप्रमाणे (बांधकामाच्या नियमांप्रमाणे) ६० इंच खाली न्यायचा, नाहीतर खालची माती गोठून घर वर उचलते.

काचेचं म्हणाल तर तळं दक्षिणेला असेल तर खुशाल मोठ्या खिडक्या घ्या, हिवाळ्यात ऊन आत येतं, उत्तरेला असेल तर मात्र ह्यांना जरा आवरा. काच तीन पदरीच घ्या.

आणि आपल्या घरात कुकर, चहा, फोडण्या चालूच, ती वाफ भिंतीत शिरून आत गारठते, मग लाकूड सडतं. म्हणून प्लॅस्टिकचा पडदा इन्सुलेशनच्या (भिंतीत ऊब धरून ठेवणाऱ्या थराच्या) आतल्या, उबदार बाजूला लावतात. किचनचा एक्झॉस्ट थेट बाहेर काढा, माळ्यावर सोडू नका, हे कॉन्ट्रॅक्टरला दोनदा सांगा!