पोटाला हात लावण्याआधी

ग्रामीण रुग्णालयात नवा आहेस, म्हणून सांगतो. "पोट दुखून राह्यलं डॉक्टर" म्हणत माणूस आला की आधी तो पडलाय कसा ते पाहा. मुतखड्याचा पेशंट खाटेवर गडबडा लोळतो. आतडं फुटलेला हलायला तयार नसतो. मग खोकायला सांग. खोकताना हात खाली उजवीकडे गेला तर अपेंडिक्स मनात आण. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन तिकडे सरकलं का? भूक मेली का? त्यात बहुधा आधी दुखतं, उलटी नंतर. दुखऱ्या जागी हात सगळ्यात शेवटी ठेव. जांघा मात्र उघडून बघच, अडकलेला हर्निया लुगड्या-धोतराखाली लपून राहतो.

वेदनाशामकानं निदान चुकतं हे जुनं खूळ आहे; दे. पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईची लघवीची गर्भचाचणी कर, सासू काही का म्हणेना.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा, झटका पोटदुखी होऊन येतो. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून आला, पापण्या जड दिसल्या, तर मण्यार साप चावलाय समज. दंशाची खूण दिसेलच असं नाही.

कातडीखाली पू झाला असेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर दिवस काढू नकोस, चीर दे. पोटात असेल तर तोंडानं काही देऊ नकोस, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून १०८ बोलाव. पेशंटसोबत पाठवायच्या चिठ्ठीवर दुखणं कधी सुरू झालं, तू काय दिलंस, वेळेसकट लिही.